रावेर ते हनोई: ऐंशी पैशांची घासाघीस आणि नऊ हजारांची गळती

रावेर तालुक्यातलं केळी उत्पादक कुटुंब. आप्पा साठी ओलांडलेले, काकू, पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि सून. जानेवारी २०२५ मध्ये हे चौघं एका गटाबरोबर आठ दिवस व्हिएतनामला जाऊन आले. प्रकरण माझ्या टेबलावर आलं ते जूनमध्ये आणि तेही आयकराच्या एका प्रश्नासाठी. पण मुलाने एटीएमच्या चिठ्ठीपासून शिंप्याच्या बिलापर्यंत सगळे कागद जपले होते, त्यामुळे सहलीतला पैसा कुठे कुठे झिरपला ते मांडता आलं. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि आकडे जवळच्या पूर्ण रुपयात आणले आहेत.

पॅकेज चौघांचं जीएसटीसह ३,६०,००० रुपये. त्यात मुंबईहून विमान, तिथला अंतर्गत प्रवास, हॉटेल, नाश्ता आणि रात्रीचं जेवण होतं. दुपारचं जेवण, टिप, खरेदी आणि व्हिसा ज्याचा त्याचा. पॅकेजवर त्या वेळच्या ५ टक्के दराने १८,००० रुपये टीसीएस, म्हणजे एजंटाने पॅकेजबरोबरच वसूल करायचा आयकर, लागला. तो आप्पांनी सरळ 'खर्च' म्हणून वहीत मांडला होता. त्याकडे शेवटी येतो, कारण तिथे वेगळीच गाठ होती.

ई-व्हिसाचं चटकन उरकतो. व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळावर एकदा प्रवेशाच्या ई-व्हिसाची फी २५ डॉलर आहे. चौघांचे १०० डॉलर, म्हणजे कार्डाचा आकार धरूनही साधारण ९,००० रुपये. एजंटाने माणशी ३,००० लावले. अर्ज भरायला पाऊण तास लागतो, त्याचे ३,००० गेले. मुलाला हे ठाऊक होतं, पण सुट्टी मिळेना म्हणून त्याने सोडून दिलं. माझ्या मते हा तोटा नव्हे, मजुरी आहे. ती द्यायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

पैसा दोनदा बदलतो

व्हिएतनामचं चलन डाँग. जळगाव-भुसावळला सोडाच, मुंबईतही ते सहजी मिळत नाही. म्हणून बहुतेक लोक इथे रुपयांचे डॉलर करतात आणि तिथे डॉलरचे डाँग. प्रत्येक वळणावर बदलून देणारा आपला वाटा काढतो. त्या आठवड्यात मोबाईलवर डॉलर ८६.३० रुपये आणि २५,४०० डाँग दाखवत होता. म्हणजे एक लाख डाँगचे सुमारे ३४० रुपये. पुढचा सगळा हिशेब याच दराशी ताडून पाहिला आहे.

हा मोबाईलवरचा दर कुणालाच मिळत नाही. आप्पांना हे समजावून सांगायची गरज पडली नाही. बऱ्हाणपूरच्या बोर्डावरचा केळीचा भाव आणि कापणीनंतर हातात पडलेला भाव यांत किती अंतर असतं, हे रावेरच्या शेतकऱ्याला मी काय सांगणार?

७०० डॉलर रोख घ्यायचे ठरले. जळगावात दोन भाव मिळाले. एकाने पावतीसह ८८ रुपये सांगितले, वर जीएसटी. दुसरा ८७.२० ला तयार होता, पण पावती नाही आणि पैसे रोख. आप्पांचा कल दुसऱ्याकडे होता. चार दिवस फोनाफोनी झाली. फरक ८० पैशांचा, म्हणजे ७०० डॉलरवर ५६० रुपये. चलन बदलावरचा जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या एक टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के. इथे तो १११ रुपये झाला. दोन्ही मिळून ६७१ रुपये वाचत होते.

मुलगा अडून बसला आणि ते बरोबरच होतं. ५० हजार किंवा त्याहून जास्त रुपयांचं परकीय चलन रोख देऊन घेता येत नाही, पैसे बँकेतूनच द्यावे लागतात. अधिकृत पावती नसेल तर विमानतळावर कुणी विचारल्यास डॉलर कुठून आले हे दाखवायला हातात काही नसतं. नोट खोटी निघाली तर दाद मागायलाही जागा नाही. व्यवहार शेवटी पावतीनेच झाला: ६१,७११ रुपये, डॉलरमागे ८८.१६.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बहुतेक देशांसाठी एका प्रवासात माणशी ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येतात, वरचे कार्डावर. चौघांत ७०० म्हणजे मर्यादेच्या आसपासही नाही. मुलाने ४०० डॉलरचं फॉरेक्स कार्डही (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) घेतलं, जीएसटी धरून ८७.३६ च्या दराने. सुनेजवळ परदेशी वापरावर जादा आकार न लावणारं डेबिट कार्ड होतं. निघण्याआधी तिने बँकेच्या ॲपमधून त्याचा आंतरराष्ट्रीय वापर चालू केला. तो आपोआप चालू नसतो आणि परमुलखात एटीएमसमोर उभं राहिल्यावर हे कळणं काही मजेचं नाही. आप्पांनी बंडीच्या खिशात २५,००० रुपये ठेवले. नेपाळ-भूतान सोडून इतरत्र भारतीय रुपये माणशी इतकेच नेता येतात.

हनोई विमानतळ

पहिली गळती उतरल्यावर अर्ध्या तासात झाली. चलन बदलणाऱ्या खिडक्यांपुढे रांगा होत्या. एका खिडकीपुढे गर्दी कमी होती आणि तिथल्या फलकावर रुपयाचं चिन्हही दिसलं. आप्पांनी १०,००० रुपये पुढे केले आणि २४ लाख डाँग हातात आले. लाखांतला आकडा बघून माणूस खूश होतो. पण रुपयाला २४० डाँग म्हणजे त्या २४ लाखांची खरी किंमत ८,१५५. एका मिनिटात १,८४५ रुपये गेले. ज्या ऐंशी पैशांसाठी घरात चार दिवस वाद झाला, त्यातून वाचणाऱ्या रकमेच्या जवळपास तिप्पट.

रुपयाला तिथे मागणी नाही. खिडकीवाला तो घेतो खरा, पण पुढे कुणाला खपवायचा या धास्तीपोटी भरपूर कापून. तिथे डॉलर चालतो, त्यातही शंभराची कोरी नोट. मुलाने दुसऱ्या दिवशी हनोईत बँकेच्या खिडकीवर शंभराच्या दोन नोटा २५,२५० ने बदलल्या. तिसरी नोट बँकेने परत केली. तिच्या कोपऱ्यात निळ्या शाईची बारीक रेघ होती, नख लावून पाहिलं तरच जाणवेल एवढी. नखाएवढ्या डागावर किंवा मधल्या घडीवर डॉलर अडतो. म्हणून जळगावातच एकेक नोट उजेडाला धरून बघायची, न आवडलेली तिथल्या तिथे बदलून घ्यायची आणि पाकिटात घडी न घालता ठेवायची. ती शाईवाली नोट शेवटी टिपांच्या पैशांत गेली.

विमानतळावरून शहरात जायची गाडी पॅकेजमध्येच होती. मग तिथे काहीच बदलायची गरज नव्हती. हे मी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "परमुलखात रिकाम्या खिशानं कोण उतरतं, भो?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पण रिकामा खिसा नको म्हणून एखादी वीस डॉलरची नोट बदलली असती तरी भागलं असतं.

दोन निळ्या नोटा

डाँगच्या दहा हजार आणि त्यावरच्या नोटा प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत. सगळ्यांवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. त्यात २० हजाराची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळसर. संध्याकाळच्या दिव्यात, जुन्या हनोईच्या गल्लीत, शहाळेवालीला २० हजार द्यायचे असताना आप्पांनी ५ लाख दिले. हॉटेलवर पैसे मोजताना लक्षात आलं. ४ लाख ८० हजार डाँग, म्हणजे १,६३१ रुपये.

यावर तोडगा काकूंनी काढला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेला भाग तो. काकू मजुरांचे आठवड्याचे पैसे वाटतात. हातात आलेली गड्डी रंगाने न मोजता एकेक नोट उलटून बघण्याची त्यांना सवय आहे. त्यांनी शून्यं मोजण्याचा नादच सोडला आणि नोटांची मागची चित्रं पाठ केली. २० हजारावर होई आनचा छपराचा जपानी पूल. १ लाखावर हनोईचं साहित्य मंदिर. २ लाखांवर 'हा लाँग' उपसागरातले खडक. ५ लाखांवर हो ची मिन्ह यांच्या गावचं घर. "पूल दिसला तर द्यायची, घर दिसलं तर थांबायचं," एवढंच त्यांनी आप्पांना बजावलं. घराच्या नोटा वेगळ्या बटव्यात, कमरेला. बाकीच्या वर. गटातल्या आणखी दोन बायकांनी हीच रीत उचलली.

भावाचं गणितही काकूंनीच सोपं केलं. मागची तीन शून्यं सोडायची आणि उरलेल्या आकड्याची साडेतीनपट करायची. ६० हजार म्हणजे साठ, म्हणजे २१० रुपये. खरा आकडा २०४. थोडा चढा धरला जातो, पण खर्च करताना थोडं चढं धरलेलंच बरं.

आप्पांनी क्यूआरही विचारून पाहिला. फळवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर चिकटवलेला दिसत होता. पण तो तिथल्या बँकांचा. आपला यूपीआय त्यावर चालला नाही.

सराफाची पेढी

हनोईत सोन्याच्या दुकानांत डॉलर बदलून मिळतात आणि भाव बँकेपेक्षा बरा सांगतात. जळगावच्या बाजूच्या माणसाला सराफाच्या पेढीचा संशय यावा तरी कसा? मुलगा निघालाच होता. वाटाड्याने अडवलं. व्हिएतनामच्या कायद्याने परवाना असलेल्या जागीच चलन बदलता येतं. प्रत्येक सोनाराजवळ तो परवाना नसतो आणि दंड दुकानदारालाच नव्हे, बदलणाऱ्यालाही होऊ शकतो. २०१८ मध्ये कान थो शहरात एका माणसाने सोन्याच्या दुकानात १०० डॉलर बदलले म्हणून त्याला ९ कोटी डाँगचा दंड ठोठावला होता. बदललेल्या रकमेच्या जवळपास चाळीसपट. बोभाटा झाल्यावर तो पुढे माफ झाला, पण पर्यटकाने त्या माफीच्या भरवशावर राहू नये. पुढचे २०० डॉलर मुलाने दा नांगमध्ये बँकेतच बदलले, २५,२०० ने.

दोन्ही वेळचे मिळून ४०० डॉलरचे १ कोटी ९० हजार डाँग झाले. इथली खरेदी आणि तिथली विक्री दोन्ही धरून त्यात तोटा ९७९ रुपयांचा, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. दोनदा रूप बदलणाऱ्या पैशासाठी हे वाजवी आहे.

होई आनचा शिंपी

होई आन शिंप्यांचं गाव आहे. माप दिलं की दुसऱ्या दिवशी सूट तयार. मुलाने सूट शिवला, सुनेने दोन कुर्ते. बिल ४२ लाख डाँग. मुलाने आपलं नेहमीचं क्रेडिट कार्ड दिलं. मशीनच्या पडद्यावर दोन पर्याय आले: डाँगमध्ये द्यायचे की रुपयांत? रुपयाचा आकडा समोर स्पष्ट दिसत होता, १५,२००. त्याने तोच दाबला.

परदेशी मशीनवर रुपयांत पैसे देणं म्हणजे दर ठरवण्याचा हक्क त्या मशीनवाल्याला देणं. ४२ लाख डाँगची किंमत १४,२७२ होती. ९२८ रुपये तिथेच गेले. शिवाय परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावर त्याच्या बँकेने एक टक्का आणि त्यावर जीएसटी, असे १७९ लावले. सुनेच्या कार्डाने डाँगमध्ये दिले असते तर यातलं जवळजवळ काहीच गेलं नसतं. मशीन विचारेल तेव्हा स्थानिक चलनच दाबायचं. एटीएमही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतं, 'हा दर मान्य आहे का' असं. तिथे नाही म्हटलं तरी पैसे मिळतात. सुनेने तसंच केलं. दोन एटीएमपैकी एकाने ५५ हजार डाँग फी घेतली, दुसऱ्याने काहीच नाही.

फॉरेक्स कार्डाबद्दल घरात मोठा भरवसा होता. पण कार्डात डॉलर होते आणि दुकानात डाँग लागत होते. कार्डात जे चलन भरलेलंच नाही त्यात खर्च केला की त्याची बँक साडेतीन टक्के वेगळे घेत होती. ५० लाख डाँगच्या खरेदीत असे सुमारे ६०० रुपये गेले आणि डॉलर भरतानाचे २१६ आधीच गेलेले होते. अमेरिकेत किंवा युरोपात हेच कार्ड सोयीचं आहे. व्हिएतनामसाठी नाही. विकणाऱ्याने हे सांगितलं नाही आणि घेणाऱ्याने 'कुठे जाताय' या प्रश्नाची वाट पाहिली.

जेवण

पहिले दोन दिवस दुपारी भारतीय हॉटेल. माणशी दोन ते अडीच लाख डाँग, म्हणजे थाळीला ७०० ते ८५०. काकूंना ते पटेना. तिसऱ्या दिवशी वाटाड्याने 'कॉम चाय' अशा पाटीची खानावळ दाखवली. तिथली बौद्ध मंडळी पौर्णिमा-अमावास्येला शाकाहार करतात आणि त्यांच्यासाठी अशी ठिकाणं गल्लोगल्ली आहेत. भात, टोफू, दोन भाज्या, सूप: ४० ते ५० हजार डाँग, म्हणजे दीडशेच्या आसपास. सोबत रावेरहून नेलेली शेंगदाण्याची चटणी. उरलेल्या दिवसांत चौघांचे मिळून दहा-बारा हजार रुपये तरी इथे वाचले. सहलीतली सगळी चलनगळती एका बाजूला आणि ही एक पाटी दुसऱ्या बाजूला.

शेवटचा दिवस

हो ची मिन्ह सिटीतल्या बेन थान बाजारात जायचं म्हणून सुनेने ३० लाख डाँग काढले. बाजारात काकूंनी भाव पाडले आणि पैसे उरले. विमानतळावर खिडकी होती, पण तोवर विमानात चढायचं बोलावणं आलं. ६ लाख डाँग घरी आले, २,०३९ रुपयांचे. जळगावात ते कुणी घेत नाही. आजही तसेच आहेत. शेवटच्या चोवीस तासांत नवे डाँग काढायचेच नसतात. कमी पडले तर कार्ड आहे.

उरलेल्या १४० डॉलरचा मात्र प्रश्न नाही. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंत चलन जवळ ठेवता येतं. त्यावरचं १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा अधिकृत व्यापाऱ्याकडे परत करावं लागतं.

आता बेरीज. रोख डॉलरचे ९७९, टिप म्हणून दिलेल्या १६० डॉलरच्या खरेदीतले २९८ आणि फॉरेक्स कार्डाचे ८१६: हे २,०९३ रुपये चलन बदलण्याची खरी किंमत. कितीही हुशारी केली तरी यातले निम्मे-अधिक जाणारच होते. रुपये बदलण्याचे १,८४५, निळ्या नोटेचे १,६३१, शिंप्याच्या मशीनचे १,१०७, उरलेल्या डाँगचे २,०३९ आणि एटीएमचे १८७: हे ६,८०९. यातला बराचसा पैसा घाईने आणि अनोळखीपणाने गेला. एकूण ८,९०२. भाव कोण चांगला देतो यावर चार दिवस गेले आणि कोणता पैसा कुठे, कशाने द्यायचा यावर घरात एकदाही बोलणं झालं नव्हतं.

टीसीएसची गाठ

ज्यासाठी आप्पा आले होते ते हे. पॅकेजवर कापलेले १८,००० हा खर्च नव्हे. तो आधी जमा केलेला कर, विवरणपत्रात वजा होतो किंवा परत मिळतो. पण पैसे आप्पांच्या खात्यातून गेले, म्हणून टीसीएस त्यांच्या पॅनवर. आप्पांचं उत्पन्न शेतीचं, करमुक्त. विवरणपत्र त्यांनी कधी भरलेलं नाही. "मला कर नाही तर मी कशाला भरू?"

दोन कारणांनी. न भरता १८,००० परत येत नाहीत. आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या परदेश प्रवासावर वर्षात दोन लाखांपेक्षा जास्त खर्च केला, तर उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरणं सक्तीचं आहे. हे गावाकडे फार थोड्यांना माहीत असतं.

शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असल्यामुळे सोपा पहिला फॉर्म (आयटीआर-१) चालत नाही, दुसरा भरावा लागतो. शेतीचं उत्पन्न पाच लाखांवर गेलं की जिल्हा, पिनकोड, जमिनीचं क्षेत्र, स्वतःची की भाडेपट्ट्याची, बागायती की कोरडवाहू, हे सगळं विचारतात. आप्पांचा सातबारा आणि केळीच्या विक्रीच्या पट्ट्या जमवायला आठवडा गेला. जूनमध्ये २६ एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) उघडलं तेव्हा फक्त ५,००० दिसत होते, नोव्हेंबरच्या एक लाखाच्या ॲडव्हान्सवरचे. जानेवारीतले १३,००० नव्हतेच. शेवटच्या तिमाहीचं टीसीएसचं विवरण एजंटाने १५ मेपर्यंत भरायला हवं होतं, ते राहिलं होतं. तीन फोन आणि एका लेखी पत्रानंतर ते भरलं गेलं. विवरणपत्र ऑगस्टमध्ये दाखल झालं आणि परतावा पूर्ण मिळाला, व्याजासह.

हेच पैसे मुलाच्या खात्यातून गेले असते तर इतकं काही लागलं नसतं. ऑक्टोबर २०२४ पासून नोकरदाराला आपला टीसीएस (तेव्हा १२ बीएए या फॉर्मवर) मालकाला कळवता येतो आणि पगारातून कापला जाणारा कर तेवढा कमी करून घेता येतो. फेब्रुवारी-मार्चच्या पगारातच १८,००० सुटले असते. वडिलांनी मुलाला दिलेल्या पैशावर मुलाला कर लागत नाही, त्यामुळे पॅकेजची रक्कम आधी त्याच्या खात्यात वळती करून मग त्याच्या पॅनवर बुकिंग केलं असतं तरी चाललं असतं.